सहाव्या पानावरचा करडा गोळा

ज्या पुस्तकात गोष्टीचं एक अक्षर नाही, त्यातून गोष्ट चोरता येते का? हसू नका. या प्रश्नावर आमच्या नांबांगा वस्तीत चार बेटांचे म्हातारे अख्खी दुपार वडाखाली बसले होते, आणि त्यांतला एकही मूर्ख नव्हता.

आरोपी होती लेईसाऊ. वय चोपन्न, मूळ बेट टोंगोआ. राजधानीत, पोर्ट व्हिलात, आली सोळाव्या वर्षी, परक्या घरची धुणीभांडी करायला. शाळा चौथीपर्यंत. पुढची फी भावासाठी राखून ठेवली होती, आणि भावाने पाचवीतच शाळा सोडली. हे ती कुणालाही सांगते. भाऊ समोर असला तर जरा मोठ्याने सांगते. वाचायला शिकली ती ब्लीचच्या बाटल्यांवरून आणि माशांच्या डब्यांवरून. त्यामुळे ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये’ हे वाक्य तिला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत तोंडपाठ आहे.

वस्तीत नळ आला तो तिच्यामुळे. एका कचेरीच्या पायरीवर ती रिकाम्या बादल्या मांडून अकरा दिवस बसली. साहेब रोज तेच तीन प्रश्न विचारायचा: काय पाहिलंत? कशावरून म्हणता? मग पुढे काय हवंय? बाराव्या दिवशी तिने बादल्या वाजवायला घेतल्या. नळ आला.

नळाशेजारी एक पत्र्याची खोप होती, सिमेंटची पोती ठेवायची. सिमेंट संपलं, खोप उरली. त्याच सुमारास कुणा धर्मादाय मंडळींनी जहाजातून पुस्तकांचं एक खोकं धाडलं. चाळीसेक पुस्तकं. बर्फ, आगगाड्या आणि अस्वलं. आमच्याकडे तिन्हींपैकी काहीच नाही, पण फुकट आलेल्याला नाव ठेवू नये म्हणून लेईसाऊने ती फळीवर लावली. त्यांतल्या तीन पुस्तकांत नुसती चित्रं निघाली. छापणारा अक्षरं टाकायला विसरला, असं समजून तिने ती परत पाठवायला बाजूला काढली.

पोरांनी नेमकी तीच उचलली.

यात नवल काही नाही. वस्तीत सात बेटांची पोरं. घरात प्रत्येकाची भाषा वेगळी, शाळेत एकीकडे इंग्रजी, दुसरीकडे फ्रेंच, आणि गल्लीत सगळ्यांची मिळून बिस्लामा. अस्वलाच्या पुस्तकापुढे सातही बेटं सारखीच आंधळी. बिनअक्षरी पुस्तकापुढे मात्र जो तो शहाणा. मालेकुलाचं पोरगं म्हणालं, ही बाई रडतेय. पेन्टेकोस्टची पोरगी म्हणाली, कांदा चिरतेय. दोघं पुस्तकाची दोन टोकं धरून भांडली. लेईसाऊने दोघांना एकेक टपली दिली आणि तोंडात येईल ते विचारलं.

“काय दिसतं?”

“रडतेय.”

“कशावरून?”

“नाक लाल आहे.”

“मग पुढे?”

पुढे त्या पोराने बाईला नवरा दिला, नवऱ्याला दारू दिली, दारूला पोलीस दिला. पोरीने कांदा चिरून संपवला, किसलेल्या कंदांचं लापलाप पानात गुंडाळून भाजलं आणि अख्ख्या गावाला जेवू घातलं. पुस्तक एकच. लेईसाऊ ऐकत राहिली. कचेरीतले तीन प्रश्न असे कामाला आले. त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी खोप उघडायची, पोरं ताडपत्रीवर बसायची, ज्याच्या हाती पुस्तक तो सांगणार, आणि आंटी लेईसाऊ विचारणार.

शाळेचे जोएल मास्तर एकदा डोकावून गेले. म्हणाले, “आंटी, शब्द नाहीत तर याला वाचन म्हणता येत नाही.”

“मास्तर, तुमच्याकडे शब्द आहेत ना? मग तुमच्या वर्गात रोलिन बोलते का?”

रोलिन त्यांच्याच वर्गात होती.

रोलिन नऊ वर्षांची. ताना बेटावरचं घर वादळात गेलं तेव्हा काका नालाऊने तिला इकडे आणलं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे ‘शांत मुलगी’ असा शेरा होता, आणि मास्तरांच्या मते तो चांगला शेरा होता. खोपीतही ती सहा शनिवार एकच पुस्तक मांडीवर घेऊन बसली, पण अक्षर बोलली नाही. पुस्तकात समुद्रकिनारा, छत्रीवाला एक म्हातारा, एक कुत्रा, वल्ही नसलेली होडी. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक करडा गोळा. पान उलटावं तसा तो मोठा होत जातो. सहाव्या पानावर तो थेट म्हाताऱ्याच्या दारात येऊन बसतो. तो आहे काय, हे चित्रकाराने कुठेच दाखवलेलं नाही.

सातव्या शनिवारी रोलिनने तोंड उघडलं.

“हा होडी विकायला चाललाय.”

लेईसाऊने आवाज कचेरीतल्या साहेबासारखाच ठेवला. “कशावरून?”

“वल्ही आधीच विकली.”

पोरं खूश झाली. कुत्रा का भुंकतो, तर तो नको म्हणतोय. छत्री का, तर गिऱ्हाइकाने तोंड बघू नये म्हणून. पाच पानं सुरळीत गेली. सहाव्या पानावर रोलिनचं बोट करड्या गोळ्यावर आलं आणि तिथेच थांबलं. तिने गोळ्याकडे बघितलं, आंटीकडे बघितलं, परत गोळ्याकडे. मागे बसलेली मोठी पोरं खुदखुदायला लागली.

लेईसाऊला वाटलं, गेली. हे तोंड आता मिटलं की पुन्हा उघडत नाही. आणि तिने ती चूक केली. म्हणाली, “अगं, तो दगड आहे. समुद्रावरून माणसाच्या मागोमाग चालत आलाय. रोज एक पाऊल. दहाव्या दिवशी दारात पोचतो. त्याला एक कोनफळ वाढायचं, मग तो बसतो आणि घर राखतो.”

रोलिनचा चेहरा उजळला. दगड तिने उचलला तो शेवटच्या पानापर्यंत नेला. तेवढ्यावर थांबली असती तर बरं. पण सहा शनिवार तुंबलेलं तोंड ते. आठवडाभर तिने तो दगड नळावर सांगितला, शाळेच्या फाटकात सांगितला, आणि रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पायरीवर बसून सांगितला. तिथे बुबू बोंगनाईम लापलाप खात होता.

बोंगनाईम अंब्रिम बेटाचा, सत्तरीचा, लाकडी ढोल कोरणारा. वस्तीतली सगळी पोरं त्याला बुबू म्हणतात, म्हणजे आजोबा. त्याने ऐकलं. हातातला घास पानावर परत ठेवला. अंब्रिमचा माणूस लापलापचा घास परत ठेवतो तेव्हा शेजारी बसलेल्यांनी उठून जावं. ते गेलेही.

आता हे समजून घ्या. आमच्याकडे गोष्ट डुकरासारखी असते, तिला मालक असतो. ऐकायला कुणालाही बंदी नाही. सांगायला मात्र मालकाची परवानगी लागते, आणि परवानगी चटया आणि कोंबड्या दिल्याशिवाय मिळत नाही. चालणारा दगड बोंगनाईमच्या घराण्याचा होता. हे लेईसाऊला माहीत नव्हतं असं नाही. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिने एवढंच मनात धरलं होतं की, पुस्तक परदेशचं, त्यात गोष्ट छापलेली नाही, तेव्हा त्यात काय घातलं ते कुणाच्या बापाचं नाही.

सोमवारी सकाळी खोपीच्या कडीला नामेलेचं पान बांधलेलं दिसलं. ज्या दाराला हे पान, ते दार बंद. आमच्या वस्तीत कुलूप तोडणारे पुष्कळ आहेत. नामेलेचं पान सोडणारा अजून जन्मायचाय. पोरं दाराबाहेर उभी राहिली आणि घरी गेली. रोलिन घरी गेली ती बोलेनाशीच झाली. काका नालाऊने तिला सांगून ठेवलं, “गोष्टीबिष्टी बंद. आपण पाहुणे आहोत इथे.”

शुक्रवारी दुपारी चीफ काल्तांगने वडाखाली बैठक बोलावली. चार बेटांचे चार म्हातारे ओंडक्यांवर, बायका कडेने चटयांवर. लेईसाऊ कडेने बसली नाही. घरून स्टूल घेऊन आली होती.

चीफ म्हणाला, “बोंगनाईम, बोल.”

“माझ्या आज्याचा दगड ताना बेटाची पोरगी चर्चच्या पायरीवर विकतेय,” बोंगनाईम म्हणाला. “फुकट.”

लेईसाऊ उभी राहिली. कचेऱ्यांत उभं राहून राहून तिला उभ्यानेच बोलता येतं. “चीफ, चोरीचा माल दाखवा. हे पुस्तक. यात एक अक्षर नाही. अक्षर नाही म्हणजे गोष्ट नाही. गोष्ट नाही तर चोरी कसली? आणि मुळात हा दगड आहे कशावरून?”

पुस्तक हातोहात फिरलं. मालेकुलाच्या म्हाताऱ्याने सहावं पान दूर धरून बघितलं. “हा भाजलेला नीरफणस आहे. आमच्याकडचा.”

“डुक्कर झोपलंय ते,” तानाचा म्हातारा म्हणाला. “हे बघ, कान.”

“कान नाही, देठ आहे.”

“डुकराला देठ असतो?”

“फणसाला असतो. म्हणून तर म्हणतोय.”

पाऊण तास गेला. चीफ काल्तांगने शेवटी निकाल दिल्यासारखं सांगितलं, “ते करडं आहे. पुढे बोला.”

लेईसाऊ खाली बसली. खटला हातात आला होता आणि तिला ते कळत होतं. तेवढ्यात बोंगनाईमने पुस्तक पालथं केलं. मागच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. जोएल मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी चष्मा लावून बिस्लामात अर्थ सांगितला: परवानगी घेतल्याशिवाय यातलं काहीही कुणी कुठेही वापरू नये.

चीफने पुस्तक मागून घेतलं आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं.

“म्हणजे गोऱ्यांचंही असंच आहे,” चीफ म्हणाला. त्याच्या आवाजात प्रथमच गोऱ्यांबद्दल आदर होता.

बोंगनाईम लेईसाऊकडे वळला. “अक्षर नाही म्हणालीस. आहेत त्या दोन ओळी माझ्या बाजूच्या आहेत.”

मग चीफने रोलिनला पुढे बोलावलं. पोरगी काकाचा हात धरून आली. “बाळ, दगड तुला कुठे मिळाला?”

रोलिनने पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं, “माझ्या डोक्यात.”

“तानाच्या डोक्यात अंब्रिमचा दगड कसा येईल?”

“चालत आला,” रोलिन म्हणाली.

कुणीतरी हसलं. चीफने त्याच्याकडे बघितल्यावर तो हसायचा थांबला. नालाऊ घाईघाईने पुढे झाला. “चीफ, पोर आहे. चुकलं. एक चटई आणि एक कोंबडा देतो, विषय मिटवा. पुन्हा ती तोंड उघडणार नाही, माझा शब्द.”

चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बोंगनाईमनेही थोडी डोलावली. मिटत होतं. नालाऊ कोंबडा देणार, नामेलेचं पान सुटणार, उद्याच्या शनिवारी खोप उघडणार. लेईसाऊने नुसतं स्टुलावर बसून राहायचं होतं. उलट तिने खरं सांगितलं तर? पोराची चूक निराळी आणि जाणत्या बाईने परक्याची गोष्ट उचलून वाटणं निराळं. त्याला कोंबडा पुरत नाही. खोप कायमची गेली असती. सिमेंट ठेवायला लोक टपलेलेच होते.

तिने रोलिनकडे बघितलं. पोरगी तिच्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

“थांबा,” लेईसाऊ म्हणाली. आवाज एवढा मोठा आला की वडावरची वटवाघळं हलली. “कोंबडा घेऊन जा घरी, नालाऊ. दगड मी दिला. पोरगी अडली आणि मी तिच्या तोंडात घातला. झालं समाधान?”

“कुणाचं समाधान?” चीफने विचारलं.

“कुणाचंही!”

बोंगनाईम तिच्याकडे वळला. “तू कुठे ऐकलीस ती गोष्ट?”

“तुला माहितीये कुठे.”

“इथे सगळ्यांसमोर सांग.”

“सॅम गेला तेव्हा,” लेईसाऊ म्हणाली. सॅम तिचा नवरा. “पाचव्या दिवसाच्या बसण्याला. तू माझ्या चटईशेजारी बसून सांगितलीस.”

“तू चार दिवस जेवली नव्हतीस.”

“त्या दिवशी जेवले.”

“ऐकायला दिली होती मी.”

“ठाऊक आहे मला. मी काय आज आले का व्हिलात? ठाऊक असून दिली. माझ्याकडे देण्यासारखी तीच होती.”

चीफने चारही म्हाताऱ्यांना आणि बोंगनाईमला वडाच्या मागे नेलं. तिथे ते काय बोलले ते बायकांना ऐकू आलं नाही, पण मालेकुलाचा म्हातारा पुन्हा फणसावर आला होता एवढं नक्की. परत आले तेव्हा निकाल चीफने सांगितला, पण शब्द बोंगनाईमचे होते. लेईसाऊने दोन चटया आणि एक कोंबडा द्यायचा. खोप उघडायची. आणि पुढच्या कोनफळांच्या काढणीपर्यंत, पुस्तक उघडं असेल तेवढा वेळ, लेईसाऊचं तोंड बंद.

“म्हणजे?” लेईसाऊ म्हणाली.

“म्हणजे बंद.”

“प्रश्न विचारायचे नाहीत?”

“नाहीत.”

“काय दिसतं, एवढं पण नाही?”

“त्यांना दिसेल ते.”

“दोन नको, चार चटया घ्या,” लेईसाऊ म्हणाली. “वर डुक्कर घ्या. पण तोंडाचं काढून टाका.”

“चटया माझ्याकडे आहेत,” बोंगनाईम म्हणाला.

शनिवारी सकाळी दोन चटया आणि पाय बांधलेला कोंबडा त्याच्या दारात पोचला. बोंगनाईमने चटया मोजल्या नाहीत, हात फिरवून बघितल्या आणि आत नेल्या. मग येऊन आपल्या हाताने पान सोडलं. पोरं आत घुसली. लेईसाऊ कोपऱ्यात उसाचं कांडं चावत बसली. तोंडात काही असल्याशिवाय तिच्याने राहवलं नसतं. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ झाला. दोन पोरं पुस्तक ओढत होती, एक जण ताडपत्रीवर झोपला होता, कुणाला कुणी विचारत नव्हतं. लेईसाऊने ऊस असा चावला की बाहेर नळावर ऐकू यावा.

मग दारात नालाऊ दिसला. रोलिनला त्याने आत ढकललं आणि स्वतः बाहेरच उभा राहिला. आंटीने गुन्हा डोक्यावर घेतल्यावर पोरीला घरी बसवून ठेवणं त्याला जड गेलं असावं. तो यातलं बोलला काही नाही. बोंगनाईम खोक्यावर बसून होता, दगडावर लक्ष ठेवायला.

रोलिनने छत्रीवाल्याचं पुस्तक घेतलं. पहिल्या पानापासून सुरू केलं, हळू आवाजात. होडी, वल्ही, कुत्रा. सहावं पान आलं. बोट गोळ्यावर गेलं आणि थांबलं. तिने आंटीकडे बघितलं. आंटी ऊस चावायची थांबली, पण तोंड उघडलं नाही. पोरगी गोळ्याकडे बघत बसली. इतका वेळ बसली की ताडपत्रीवरचा झोपलेला उठला. मोठ्या पोरांनी खुदखुदून घेतलं, मग त्यांना खुदखुदण्याचाही कंटाळा आला. लेईसाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे ऊस कडक होता.

“हा त्याच्या घरातला अंधार आहे,” रोलिन म्हणाली.

कुणीच काही विचारलं नाही.

“दिवसा तो समुद्रावर जातो. संध्याकाळी घरी येतो. दारात थांबतो, कारण पाय ओले असतात. म्हातारा त्याला म्हणतो, पूस आणि ये.” तिने पान उलटलं. “हे बघा, आता घरात अंधार आहे. म्हणजे तो आत आला.”

सातव्या पानावर खरंच रात्र होती. चित्र सगळ्यांनी वीसदा बघितलं होतं. हे कुणाला दिसलं नव्हतं. लेईसाऊलाही नाही, आणि ते तिला त्या क्षणी फार झोंबलं.

बोंगनाईम खोक्यावर पुढे सरकला. “आणि पाय नाही पुसले तर?”

“बुबू, गप्प!” ताडपत्रीवरची सगळी पोरं एकदम ओरडली.

बुबू गप्प बसला. बाहेर उभ्या नालाऊने दारातून मान आत घातली होती. तो विचारणार होता, तोही थांबला.

कोनफळांची काढणी अजून पाच महिने लांब आहे. लेईसाऊ दर शनिवारी एक उसाचं कांडं संपवते, बैठकीच्या नावाने कडाकडा बोटं मोडते, आणि दुपारी खोप बंद झाल्यावर नळावर दोन तास न थांबता बोलते. पोरांची संख्या वाढली आहे. अंधाराच्या गोष्टीला मालक कोण, हे चीफ काल्तांगने रोलिनला बोलावून विचारून घेतलं आणि सगळ्यांना सांगून ठेवलं. आता तिला विचारल्याशिवाय ती गोष्ट वस्तीत कुणी सांगत नाही. मीही विचारून घेतलंय. त्यासाठी एक पिकलेली पपई द्यावी लागली.

तुमच्याकडे एखादं बिनअक्षरी पुस्तक असेल, आणि एखादं पोर त्यातल्या कुठल्या पानावर बोट ठेवून अडलं असेल, तर हात जोडून सांगते: तुम्हाला येत असलेली गोष्ट तेवढी गिळा, आणि त्याचं त्याला बोलू द्या.